मळखाऊ रंगाचा कोट

कुसुमताई कांबळे तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. त्यामुळे वाक्यं आखूड, आणि तीही ओठाच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडणारी. "हात वर." "श्वास सोड." "पोट आत घेऊन कोणाला फसवतेस, ब्लाऊज तुलाच घालायचाय." करी रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. मधली भिंत नावाला. तिकडे शिलाईचं मशीन सुरू झालं की इकडे आमच्या मांडणीवरची पातेली थरथरायची. सासूबाईंना राग यायचा, मला सवय झाली. बावीस वर्षं तो आवाज ऐकत मी स्वयंपाक केला. आता तो बंद होऊन दीड वर्ष झालं, तरी सकाळी पोळ्या लाटताना मी मध्येच थांबते.

आम्ही परब, मालवणकडचे. त्या रत्नागिरीकडच्या बौद्ध. आमच्याकडे गणपती आले की त्या आरतीला उभ्या राहायच्या नाहीत, पण पाच दिवस आमच्या पाहुण्यांचा चहा त्यांच्या गॅसवर उकळायचा. बुद्धपौर्णिमेची खीर पहिली आमच्या घरात यायची. माझं त्यांच्याशी पटायचं म्हणावं तर भांडण झालं नाही असा आठवडा आठवत नाही. भांडणाचं कारण बहुतेक तारखा. "मंगळवारी देते" म्हणाल्या की कुठला मंगळवार, हे विचारायची सोय नव्हती. माझ्या नणंदेच्या लग्नातला ब्लाऊज त्यांनी लग्नाच्या सकाळी हुक लावत लावत दिला, आणि वर मलाच म्हणाल्या, "मिळाला ना वेळेवर, मग तोंड का वाकडं?"

रंगाच्या बाबतीत मात्र त्यांचं नि माझं एकमत होतं. आमच्या चाळीत कापड घ्यायला गेलं की पहिला प्रश्न भावाचा आणि दुसरा, "मळखाऊ आहे ना?" पाणी सकाळी पाऊण तास यायचं. त्यात फिकं कापड कोण घासत बसणार? पोरांच्या चड्ड्या मळखाऊ, उशांचे अभ्रे मळखाऊ, पाहुण्यांसाठी ठेवलेली एक चादर तेवढी गुलाबी. कुसुमताई गिऱ्हाइकालाही तोच सल्ला द्यायच्या. चार दिवस मळ दिसला नाही म्हणजे रंग चांगला, असा सरळ हिशेब.

त्यांचे मालक यशवंतभाऊ परळच्या एका हॉस्पिटलात बॉयलरवर होते. पहाटे बॉयलर पेटवायची ड्यूटी, म्हणून पावणेपाचला सायकल खाली उतरवायचे. माणूस इतका हळू बोलायचा की नळावर त्यांच्यामागे उभं राहिलेल्याला ते पुढे आहेत हे कळायचं नाही. एका वर्षी नोव्हेंबरातच थंडी पडली, तेव्हा कुसुमताईंनी त्यांना कोट शिवायला घेतला. उरलेल्या कापडाचे दोन तुकडे होते. एक बिस्किटी, एक गडद करडा. मी तेव्हा तिथेच शेंगा सोलत बसले होते. यशवंतभाऊंनी बिस्किटी तुकडा खांद्यावर टाकून आरशात बघितलं आणि म्हणाले, "हा बरा दिसतोय."

"बॉयलरवर दोन दिवसांत त्याचं पोतेरं होईल," कुसुमताई म्हणाल्या. "धुवायला मी आहे ना फुकटची."

"बरोबर आहे ताईंचं," मीही म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. यशवंतभाऊंनी बिस्किटी तुकडा घडी करून परत ठेवला. कोट करड्या कापडाचा झाला.

डिसेंबरात एका पहाटे, तो कोट अंगावर असताना, लालबागला फ्लायओव्हरखाली त्यांना भाजीच्या टेम्पोने उडवलं. समोरच्या टपरीवर कटिंग प्यायला ते रोज रस्ता ओलांडायचे. नेहमीसारखेच निघाले आणि अर्ध्या रस्त्यात गेले. हॉस्पिटल हाकेवर होतं, तिथे त्यांना सगळे ओळखत होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी टपरीवाला भेटायला आला. बिचाऱ्याला तोंडातून शब्द काढवत नव्हता. त्याने पाहिलेलं असं: परळकडून एक दिवा येत होता, फुटपाथच्या कडेने. त्यालाही वाटलं, मोटरसायकल. यशवंतभाऊंनाही तेच वाटलं असणार, कारण ते रस्त्याच्या मध्ये सायकल धरून थांबले, की ती कडेने जाऊ दे, मग आपण जाऊ. ती मोटरसायकल नव्हतीच. टेम्पो होता, आणि त्याचा यशवंतभाऊंच्या बाजूचा दिवा बंद होता. अंधारातला तो अर्धा टेम्पो त्यांच्या अंगावर आला. ड्रायव्हरला समोर ना दिवा दिसला, ना माणूस. दोघेही एकमेकांना दिसले नाहीत.

मग पोलीस स्टेशनातून कोट ओळखायला बोलावलं. मी सोबत गेले. हवालदाराने पिशवीतून तो बाहेर काढला. कुसुमताईंनी कॉलर उलटी करून शिवण पाहिली. "माझीच शिवण आहे," म्हणाल्या. सही केली. बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "नंदे, बिस्किटी असता तर दिसले असते ग." मी म्हटलं, असं काही नसतं, मनाला लावून घेऊ नका. खोटं बोलले. असतं. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

तेव्हापासून ही बाई बदलली. महिनाभर मशीनला हात लावला नाही. मग एक दिवस दादरला जाऊन चमकपट्टीचं भेंडोळं घेऊन आल्या. रस्ता झाडणाऱ्या बायकांच्या जाकिटावर असते ना, उजेड पडला की लखलखते, ती. चाळीतल्या पोरांच्या दप्तरांना लावली. दूधवाल्याच्या टोपीला लावली. सासूबाईंची उसवलेली शाल शिवायला दिली होती, तिच्या काठाला न विचारता लावली. रात्री सासूबाई मोरीकडे निघाल्या, समोरून कोणाच्या तरी बॅटरीचा उजेड पडला आणि म्हातारी अंधारात चमकली. पलीकडच्या खोलीतली सून किंचाळून आत पळाली. "माका भूत करून ठेवलंस गो," सासूबाई दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणाल्या, पण पट्टी काढू दिली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला त्या खाली कोपऱ्यावर उभ्या राहू लागल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पट्टीचे तुकडे, सुई, कात्री. सायकलवाला दिसला की हात आडवा. शीव कोळीवाड्याहून एक इडलीवाला यायचा, मागे भलामोठा डबा बांधलेला. तो म्हणायचा, "अम्मा, टाइम नहीं है." ताई म्हणायच्या, "मेरे पास है. उलटा घूम." अंगावरचं शिवू नये म्हणतात, ताईंना असलं काही लागायचं नाही. त्याचा सदरा अंगावर असतानाच पाठीवर पट्टी टाचली. मग तो रोज थांबून त्यांना दोन इडल्या द्यायचा आणि ताई त्या मला आणून द्यायच्या, कारण त्यांना आंबवलेलं सोसायचं नाही.

पण त्या फक्त सायकलवाल्यांच्या मागे लागायच्या, असं कोणी समजू नये. आमच्याकडे आता टॉवर झालेत, त्यातल्या मोठ्या गाड्या संध्याकाळी सिग्नलला थांबतात. एकदा मी शाळेतून, म्हणजे जिथे मी ऑफिसात काम करते त्या शाळेतून, परत येत होते. बघते तर ताई एका गाडीची काच ठोठावतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच खाली झाली. "साहेब, वरचा दिवा खाली करा," ताई म्हणाल्या. "समोरच्याच्या डोळ्यांवर येतोय. त्याला रस्ताच दिसत नाही."

"सायकलवाल्यांना सांगा ना," तो माणूस म्हणाला. "ते उलट्या बाजूने येतात, लाइट नसते, काही नसतं."

"त्यांना सांगूनच आले. दोघांना. आता तुमची पाळी."

त्याने दिवा खाली केला. वैतागून केला, पण केला. ताई वळल्या आणि मला बघून म्हणाल्या, "तू काय उभी आहेस खांबासारखी? पिशवी धर." त्यांचं ठरलेलं होतं. अर्धं त्याचं, अर्धं याचं. दिसायचं काम एकाचं, बघायचं काम दुसऱ्याचं, आणि रस्त्यावर प्रत्येकाला दोन्ही कामं असतात. लोक त्यांना चमकीबाई म्हणायचे. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

त्यांचा मुलगा मिलिंद तेव्हा वीस-बावीसचा. बापावर त्याचा फार जीव. लहानपणी यशवंतभाऊ त्याला सायकलच्या दांडीवर बसवून फिरवायचे, आणि मोठेपणीही हा घरी आला की पहिला प्रश्न, "बाबा आले?" त्याला आईचं हे पट्टीचं वेड बघवत नव्हतं. "रस्त्यावर भीक मागितल्यासारखी उभी राहतेस," म्हणायचा. त्याला एकच हवं होतं, त्या ड्रायव्हरला शिक्षा. भरपूर. बाकी कशात त्याला रस नव्हता, आणि मला तरी त्यात त्याची चूक वाटायची नाही.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. ड्रायव्हरचं नाव दत्ता, वय असेल तीसेक, सांगलीकडचा. त्याने पोलिसांना सांगितलं होतं की टेम्पोचे दोन्ही दिवे चालू होते. पोलिसांनी गाडी तपासली तेव्हा खरंच होते, कारण त्याने दुसरा दिवा लगेच बदलून घेतला होता. टपरीवाला कोर्टात यायला घाबरला, गावी निघून गेला. राहिल्या कुसुमताई. सरकारी वकिलांनी त्यांना बाहेरच्या बाकावर समजावलं, "सायकलला दिवा होता का, असं विचारतील. हो म्हणा. सायकलचा चुराडा झालाय, कोण बघायला जातंय?"

"आई, फक्त 'हो' म्हणायचं," मिलिंद म्हणाला. "एवढंच कर बाबांसाठी."

 ताईंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी बोलल्या नाहीत. 

त्या दिवशी त्या पांढरी साडी नेसल्या होत्या, चैत्यभूमीला जाताना नेसायच्या ती. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. दत्ताच्या वकिलाने विचारलं, सायकलला दिवा होता का.

"नव्हता."

"मागे लाल काच?"

"फुटलेली होती. दिवाळीपासून सांगत होते, बसवून घ्या. नाही बसवली."

"अंगावर कपडे कुठल्या रंगाचे होते?"

"गडद कोट. मीच शिवलेला. रंग मी निवडला. त्यांना फिका हवा होता." सरकारी वकिलांनी कागद खाली ठेवले. मी मिलिंदकडे बघितलंच नाही, मला धीर होईना. मग ताई दत्ताकडे वळल्या आणि घरात कोणाला दळण आणायला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "आमचं मी सांगितलं. आता तुझं तू सांग. दिवे किती चालू होते?"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत." दत्ताच्या वकिलाने त्याची बाही धरली. पण दत्ता उठून उभा राहिला होता. "एकच, साहेब," तो म्हणाला. "डावा. उजवा आठ दिवस बंद होता. आज करू, उद्या करू करत राहिलो. दुसऱ्या दिवशी बसवला." आणि भर कोर्टात रडायला लागला.

त्याला शिक्षा झाली, पण चूक दोन्हीकडून होती असं धरून थोडकी झाली. मिलिंद कोर्टाच्या जिन्यावर आईला म्हणाला, "तू बाबांनाच दोषी ठरवलंस. मेलेल्या माणसाला."

"मी मला ठरवलं," ताई म्हणाल्या.

"मग बस तू तुझा दोष घेऊन." तो पुढे निघून गेला. त्या महिन्यातच त्याने कल्याणला मित्राबरोबर खोली घेतली. मला त्याचा राग आला, आणि ताईंचा त्याहून जास्त आला. एक "हो" म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? मी तोंडावर तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "त्यानेही 'दोन' म्हटलं होतं, नंदा. दोघांनी खोटं सांगितलं असतं, तर यशवंत गेला कसा, हे कोणालाच कळलं नसतं." त्या आपल्या मालकांचं नाव घ्यायच्या नाहीत. तेवढं एकदाच घेतलेलं मी ऐकलं.

सुटून आल्यावर दत्ता एका संध्याकाळी चाळीत आला. उंबऱ्याबाहेर उभा. हातात चमकपट्टीची तीन भेंडोळी, ट्रकच्या सामानाच्या दुकानातून आणलेली. मी आमचं दार आपटलं, त्याला ऐकू जावं म्हणून. भिंतीतून ताईंचा आवाज आला, "आत ये. चहा घेशील?" तेव्हापासून तो दोन-तीन महिन्यांनी यायचा. खाली टेम्पो लावायचा, दिवे पेटवायचा, आणि ताई गॅलरीतून वाकून बघायच्या. "दोन," वरून म्हणायच्या. मग तो वर यायचा, पट्ट्या कापून द्यायचा आणि जायचा. माझा त्याच्यावरचा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. एकदा त्याला भाकरी-सुकट वाढली, एवढं आठवतं.

मिलिंदचं आईवाचून अडत नव्हतं असं नाही. दर रविवारी दहा वाजता तो मला फोन करायचा. "नंदाकाकी, आई बरी आहे?" "बरी आहे." "मी विचारलं म्हणून सांगू नका." माझा फोन वाजला की भिंतीपलीकडचं मशीन थांबायचं. फोन ठेवला की पुन्हा सुरू व्हायचं. ताईंनी एकदाही विचारलं नाही, कोणाचा फोन. मी एकदाही सांगितलं नाही. आता वाटतं, आम्ही तिघं मिळून काय करत होतो?

कोर्टानंतर दोन वर्षांनी, बापाच्या स्मृतिदिनाला तो न सांगता आला. पांढऱ्या फुलांचा हार घेऊन आला होता. त्याच दिवशी दत्ताही आलेला. यशवंतभाऊंच्या फोटोखाली, जमिनीवर मांडी घालून पट्ट्या कापत बसलेला, आणि त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर ताई हसत होत्या. मिलिंद दारापर्यंत गेला आणि तसाच मागे फिरला. माझ्या हातात हार दिला. "काकी, फोटोला घाला," म्हणाला. मी म्हटलं, अरे थांब, आत तरी जा. तो जिना उतरूनही गेला होता. ताईंना मी हार दिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ घातलाच नाही. मग म्हणाल्या, "बारीक झालाय का ग?" त्यानंतर सात वर्षं तो त्या दारात आला नाही. ताईंना दुसरं काही नको होतं. दिवाळीला दरवर्षी त्याच्या मापाचा एक सदरा शिवून कपाटात ठेवायच्या. मापं जुनी, अंदाजाने पोटाला अर्धा इंच वाढवलेली. बोलायच्या मात्र एवढंच, "येईल. त्याचा राग बापावरच्या मायेचा आहे. असला राग वाईट नसतो."

मग ताईंचे डोळे गेले. एकदम नाही. आधी गॅलरीत कडेला ठेवलेली माझी बादली लवंडली, मला वाटलं घाई. मग दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. मग एक दिवस इडलीवाल्याच्या पाठीवरची पट्टी तिरकी शिवलेली दिसली, आणि मी त्यांना धरून हॉस्पिटलात नेलं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, कडेची नजर गेली आहे, गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाने सांभाळायची. संध्याकाळी आणखी कमी दिसेल. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "समोर ताटाएवढं गोल दिसतंय. पलीकडे काळोख. म्हणजे मी आता एका दिव्याचा टेम्पो झाले." आणि स्वतःच हसल्या. मी नाही हसले.

तिथेच माझा हात धरून त्यांनी मला शपथ घातली, मिलिंदला कळता कामा नये. "आंधळी झाली म्हणून दया येऊन यायला नको. यायचं तर आईकडे येऊ दे." मी शपथ पाळली. चार वर्षं दर रविवारी तो विचारायचा, आणि मी म्हणायचे, "बरी आहे." शपथा पाळणारी मी कोण लागून गेले होते? उधारीवर साखर नेऊन विसरणारी बाई मी, नेमकी ही एक गोष्ट पाळून बसले.

कोपऱ्यावर उभं राहणं बंद झालं. पुढे पुढे दिवेलागणीनंतर समोरचं ते गोलही काळवंडायचं. मशीन चालूच होतं, हाताच्या अंदाजाने. दत्ता खाली दिवे लावायचा तेव्हा मी गॅलरीत शेजारी उभी राहून हळूच सांगायचे, "दोन," आणि मग त्या मोठ्याने ओरडायच्या, "दोन." त्यालाही त्यांनी कळू दिलं नाही. फेब्रुवारीत एका दुपारी छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि टॅक्सीत माझ्या मांडीवरच गेल्या.

मिलिंद आला. सगळं केलं.  दत्ता चाळीच्या दरवाजाशी उभा होता, मिलिंदने त्याच्याकडे बघितलंही नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा संध्याकाळी तो माझ्या घरात येऊन बसला. कपाटातल्या सदऱ्यांपैकी एक अंगात होता. पोटाला सैल झाला होता.

"काकी, एक विचारू?" म्हणाला. "आई माझ्याबद्दल शेवटी काय म्हणायची?"

"येईल म्हणायची."

"मग असं का केलं तिने?" त्याने विचारलं. "मी आलो होतो. आत्ता डिसेंबरात, बाबांच्या दिवशी. संध्याकाळी, साडेसहा वाजले असतील. तुमचं दार बंद होतं. मी तिच्या दाराशी कडेला उभा राहिलो. ती सुईत दोरा ओवत होती. ओवला जात नव्हता. तीनदा, चारदा केलं. मला वाटलं, मला बघून मुद्दाम वेळ काढतेय. मग तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, काकी. सरळ. तोंडात टाचण्या होत्या. मी म्हटलं, आता त्या काढेल आणि बोलेल. खूप वेळ बघत होती. मग मान खाली घातली आणि पुन्हा दोरा ओवायला लागली. मी निघून गेलो. तेवढंही बोलावंसं वाटलं नाही तिला."

आमच्या त्या गॅलरीतून मोरीकडे जायची वाट आहे. दिवसभर माणसं जातात-येतात. पावलं वाजली की ताई मान वर करायच्या, कोणी बोललं तर ओळखायच्या, नाहीतर पुन्हा कामाला लागायच्या. मला हे सगळं क्षणात कळलं. न सांगावं, असंही वाटून गेलं. पोरगा आईवर रागावून जगेल, पण जगेल तरी. दुसरं कळल्यावर तो काय करेल? मग मला कोर्टातल्या ताई आठवल्या, आणि मी जेवढं माझं होतं तेवढं आधी सांगितलं.

"मिलिंद, तिला दिसत नव्हतं रे. काचबिंदू होता. चार वर्षं झाली होती. मला ठाऊक होतं. तिने शपथ घातली म्हणून मी तुला सांगितलं नाही. तू दारात आलास आणि तू तिला दिसला नाहीस. तिने बघितलं, पण तू दिसलाच नाहीस."

 चिडेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. मी ते ऐकून घ्यायला तयार होते. त्याने एवढंच विचारलं, "मी हाक मारली असती तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तर उठली असती," मी म्हटलं. "धावत आली असती."

तो उठला. मला वाटलं, जिन्याकडे जाईल. तो त्यांच्या दाराशी गेला. कुलूप होतं. तेव्हा जिथे उभा राहिला होता तिथेच, चौकटीच्या कडेला उभा राहिला, आणि दाराकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाला, "आई, मी आलोय." मग पुन्हा एकदा म्हणाला, जरा मोठ्याने.